दर रविवारी येणारा माणूस: बौद्धिक दिव्यांग मुलांचे खेळ आणि आपली जबाबदारी

जून २०२५ मध्ये आमिर खानचा ‘सितारे ज़मीन पर’ आला, तेव्हा आमच्या नालासोपाऱ्यातल्या अनेक घरांनी तो सहकुटुंब पाहिला. एक तापट बास्केटबॉल कोच, त्याच्याकडे सोपवलेली बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची टीम आणि त्या टीमने कोचलाच शिकवलेले धडे, अशी ती गोष्ट. मूळ एका स्पॅनिश चित्रपटावरून घेतलेली. त्यानंतर बरेच दिवस शाळेत, मस्जिदीबाहेर, लग्नाच्या दावतीत लोक आम्हाला एकच प्रश्न विचारत होते. “सर, असे कोच खरंच असतात का? त्यांना पगार कोण देतं?”

असतात. आणि त्यातल्या बहुतेकांना पगार कोणीच देत नाही.

आम्ही म्हणजे वसई-विरार पट्ट्यातल्या वेगवेगळ्या शाळांत शिकवणारे चार शिक्षक. दोघे उर्दू माध्यमाचे, दोघे मराठी. रविवारी सकाळी एका विशेष शाळेच्या क्रीडाशिक्षिकेच्या हाताखाली आम्ही मदतनीस म्हणून काम करतो. त्या सांगतील ते करायचं, हा आमचा नियम. आमच्यातला कोणीही मोठा खेळाडू नव्हता. एकाला तर पळताना धाप लागते. तरीही या कामाबद्दल जे समजलं ते आपल्या समाजातल्या घरांपर्यंत जावं असं वाटलं, कारण अशी मुलं आपल्याही घरांत आहेत आणि त्यातली बरीचशी अजून दाराच्या आतच आहेत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मोहल्ल्यात अशा मुलाला कोणी ‘येडा’ म्हणतं, कोणी ‘मेंटल’, तर कोणी दयेने ‘मासूम है बेचारा’ म्हणून सोडून देतं. तिन्ही शब्दांनी मुलाचं नुकसानच होतं.

बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे. आजार कोणत्याही वयात होऊ शकतो आणि औषधाने बराही होऊ शकतो. बौद्धिक दिव्यांगत्व मात्र जन्मापासून किंवा वाढीच्या वयातच असतं. शिकण्याचा, विचार करण्याचा, प्रश्न सोडवण्याचा वेग खूप कमी असतो. त्याचबरोबर पैसे मोजणं, रस्ता ओलांडणं, कपडे घालणं, अनोळखी माणसाशी बोलणं अशी रोजची कामंही अवघड जातात. डाउन सिंड्रोम हे त्याचं एक ओळखीचं कारण. काही ऑटिस्टिक किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांतही ते असतं, पण सगळ्यांत नसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व हा त्यातला एक. याच कायद्याच्या कलम ३० मध्ये खेळात भाग घेण्याचा हक्कही लिहिलेला आहे. म्हणजे मैदानावर जाणं हा या मुलांचा हक्क आहे. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

लपवणं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही

“लोक काय म्हणतील” ही भीती आम्हाला पुष्कळ घरांत दिसते. बहिणीचं लग्न ठरायचं असतं, म्हणून भावाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. पण ही भीती गरिबांची किंवा मुसलमानांची खासियत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तिची अवस्था आणखी बिघडली आणि पुढे अनेक वर्षं ती घरापासून दूर एका संस्थेत राहिली. एवढं बडं घराणं, तरी बाहेर त्याची वाच्यता नव्हती.

तिची बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिने १९६२ मध्ये एका नियतकालिकात उघडपणे बहिणीबद्दल लिहिलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात तिने बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी खेळाचं शिबिर भरवलं. तिथे मुलांना पोहायला, पळायला, चेंडू खेळायला शिकवणारे कोण होते? शाळा-कॉलेजातली साधी मुलं-मुली. त्यातूनच २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. आज ही चळवळ १७० हून जास्त देशांत आहे. सुरुवात मात्र अंगणातून आणि बिनपगारी तरुणांच्या हातून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या मुंबईतही हे काम जुनं आहे. शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने सुरू केली. खेळांपुरतं बोलायचं तर ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ ही संस्था २००१ पासून देशभर काम करते. केंद्र सरकारने तिला राष्ट्रीय क्रीडा महासंघाची मान्यता दिलेली आहे. महाराष्ट्रातही तिची शाखा आहे.

पॅरालिम्पिक वेगळं, स्पेशल ऑलिम्पिक वेगळं

या दोन्हींत लोकांची नेहमी गल्लत होते. पॅरालिम्पिक ही वरच्या दर्जाच्या दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा आहे. ती प्रामुख्याने शारीरिक आणि दृष्टी-दिव्यांगांसाठी असली तरी बौद्धिक दिव्यांगांसाठीही त्यात काही मोजके प्रकार असतात. पॅरिसमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये तेलंगणाच्या दीप्ती जीवनजी हिने ४०० मीटर टी-२० गटात कांस्यपदक मिळवलं ते याच वर्गातून. लहानपणी गावात तिला चिडवत, तिच्या आई-वडिलांना नको नको ते सल्ले देत. त्याच मुलीने त्याआधी मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथे ५५.०७ सेकंदांत विश्वविक्रम केला होता.

पण प्रत्येक मूल दीप्ती नसतं, आणि असायची गरजही नाही. स्पेशल ऑलिम्पिक फक्त बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे आणि त्यात सगळ्यांना जागा आहे. स्पर्धेसाठी वय किमान ८ वर्षं लागतं, वरची मर्यादा नाही. चाळिशीतला माणूसही खेळू शकतो. २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा खेळ-कार्यक्रम असतो. ज्यांना स्वतःहून हालचाल करणंही अवघड आहे त्यांच्यासाठीही वेगळं प्रशिक्षण आहे. सरावासाठी फी घेतली जात नाही.

भारताची कामगिरी पाहायची तर २०१९ मध्ये अबू धाबीच्या जागतिक स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी ३६८ पदकं मिळवली. २०२३ मध्ये बर्लिनला २०२ मिळाली: ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. हे आकडे ऐकून एका अब्बूंनी आम्हाला विचारलं, “एवढी पदकं? मग सगळ्यांनाच वाटतात का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर गटवारीत आहे.

गटवारी कशी होते

समजा १०० मीटर धावण्यासाठी वीस मुलं आली. कोणी १६ सेकंदांत पळतो, कोणाला ४० लागतात. सगळ्यांना एकत्र पळवलं तर १६ वाला दर वेळी जिंकणार आणि ४० वाला दोन स्पर्धांनंतर घरी बसणार. म्हणून आधी प्राथमिक फेरी घेऊन वेळ नोंदवतात. मग वय, मुलगा-मुलगी आणि ती वेळ पाहून जवळजवळच्या खेळाडूंचे छोटे गट करतात. गटातल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी कामगिरीत साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असं मार्गदर्शक सूत्र आहे. म्हणजे गटातल्या सर्वांत वेगवान मुलाला २० सेकंद लागत असतील तर सर्वांत मागच्याला साधारण २३.

मग खरी शर्यत होते. पहिल्या तिघांना पदक, पुढच्यांना रिबन. ४० सेकंदवालाही आपल्या बरोबरीच्यांशी झुंजून हरतो किंवा जिंकतो. पदक फुकट मिळत नाही. कोणी सोप्या गटात जाण्यासाठी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळाला आणि अंतिम फेरीत भलताच सुसाट सुटला, तर तो बाद होऊ शकतो.

कोच नेमकं करतो काय

आम्हाला आधी वाटलं होतं की शिट्टी वाजवायची आणि “पळ, बेटा” म्हणायचं. पहिल्याच दिवशी समजलं की “पळ” या शब्दात किती गोष्टी लपलेल्या आहेत. रेषेमागे थांबणं. शिट्टीची वाट पाहणं. शिट्टी वाजल्यावर निघणं. आपल्याच लेनमध्ये राहणं. शेवटची रेषा ओलांडेपर्यंत न थांबणं. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही. या मुलांना यातली प्रत्येक गोष्ट वेगळी शिकवावी लागते.

एक मुलगा ५० मीटरच्या शर्यतीत रोज चाळीसाव्या मीटरला थांबायचा. पाय दुखतात का, घाबरतो का, आम्ही सगळे तर्क करून पाहिले. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “त्याची अम्मी कुठे उभी असते ते बघा.” अम्मी सावलीसाठी चाळीसाव्या मीटरजवळच्या झाडाखाली उभी राहायची. मुलाच्या लेखी शर्यत अम्मीपाशी संपत होती. पुढच्या रविवारी अम्मीला रेषेच्या पाच पावलं पलीकडे उभं केलं. मुलगा थेट रेषा ओलांडून गेला. मग हळूहळू अम्मीच्या जागी एक कोन ठेवला, आणि आता कोन नसला तरी तो थांबत नाही.

बीएडला आपण कृतीचे छोटे टप्पे पाडायला शिकतो. इथे तेच करायचं असतं. आधी तोंडी सांगायचं, शब्द कमी आणि नेहमी तेच. नाही जमलं तर करून दाखवायचं. तरी नाही जमलं तर हात धरून करून घ्यायचं. आणि जमायला लागलं की मदत एकेक पायरी कमी करायची. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण मदत करताना आपल्याला बरं वाटतं. पण मूल स्वतः करू लागलं की आपला हात मागे गेलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट भाषेची. आमच्यातला एक ‘रुको’ म्हणायचा, दुसरा ‘थांब’, तिसरा ‘स्टॉप’. मुलं गोंधळायची. आता घरची भाषा विचारून प्रत्येक मुलासाठी एकच शब्द ठरवला आहे. घरी अम्मी-अब्बूंनीही तोच वापरायचा.

सराव सहसा तासाभराचा असतो. दहा मिनिटं वॉर्म-अप, मग एकच कौशल्य, मग खेळ, शेवटी शरीर सैल करणं आणि पाणी. चार खेळाडूंमागे साधारण एक मोठा माणूस लागतो. सामान थोडंच. बोची नावाचा खेळ तर फारच सोपा: एक लहान चेंडू पुढे टाकायचा आणि दोन्ही बाजूंनी आपले चार-चार चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. गोट्या खेळलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत कळतो. वजन जास्त असलेली, पळू न शकणारी मुलंही त्यात रमतात. स्पर्धेआधी किमान आठ आठवडे सराव अपेक्षित असतो. आदल्या दिवशी मुलाला आणून उभं करणं म्हणजे त्याची थट्टा करणं आहे.

काळजी कुठे घ्यायची

हौस चांगली, पण काही गोष्टी माहीत नसतील तर मैदानात उतरू नये.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. कोलांटी, डोक्याने चेंडू मारणं, सूर मारून पाण्यात उडी घेणं अशा गोष्टींनी गंभीर इजा होऊ शकते. डॉक्टरी तपासणीशिवाय अशा मुलाला सरावाला घेऊ नये. याच मुलांमध्ये हृदयाचे आणि थायरॉइडचे त्रासही बरेचदा असतात.

काहींना फिट येतात. औषधाच्या वेळा लिहून घ्याव्यात. रमजानमध्ये काही मुलं घरच्यांचं पाहून रोजा ठेवण्याचा हट्ट धरतात आणि सकाळची गोळी चुकते. याबाबत आधी डॉक्टरांशी बोलावं आणि मग मौलाना साहेबांशी. त्या महिन्यात सराव हलका ठेवलेला बरा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलांची सुरक्षितता. ही मुलं त्रास झाला तरी नीट सांगू शकत नाहीत. म्हणून कोणताही स्वयंसेवक, कितीही दीनदार किंवा नामवंत असला तरी, मुलाबरोबर एकटा नसावा. नेहमी दोन मोठी माणसं हवीत. टॉयलेटला नेताना कोण नेणार हे आधी ठरवावं. मुलींबरोबर बाईमाणूस असलंच पाहिजे. फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढू नये, व्हॉट्सअॅप स्टेटसला तर मुळीच टाकू नये. पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नये. जो राग मानतो त्याला घेऊच नये.

आपल्या वसई-विरारची अडचण

आपलं शहर पसरलेलं आहे. पेल्हार किंवा वालीवहून पश्चिमेला यायचं तर दोन शेअर रिक्षा आणि मध्ये रेल्वेचा पूल. गर्दीच्या लोकलमध्ये अचानक ओरडणाऱ्या मुलाला घेऊन चढणं काय असतं, ते त्या आईलाच ठाऊक. दिव्यांगांचा डबा असतो, पण मुलाचं दिव्यांगत्व बाहेरून दिसत नसेल तर तिथेही लोक “उतरो” म्हणतात. पावसाळ्यात चार महिने मैदान चिखलात. बाप कामावर, रविवारीही सुट्टी नाही.

मुलींचं चित्र आणखी वाईट आहे. आमच्या गटात अकरा मुलगे आणि तीन मुली आहेत. बौद्धिक दिव्यांग मुली काही कमी जन्मत नाहीत, त्या घरात राहतात. एका आईची अट होती की पूर्ण बाह्यांचा कुडता आणि स्कार्फ राहील, आणि शिकवणारी बाई असेल. दोन्ही अटी सहज पाळता आल्या. मुलगी आज गोळाफेक करते. अडचण कपड्यांची नव्हती, शिकवायला येणाऱ्या बाईची होती. म्हणून आपल्या शिकलेल्या बहिणींना आमची वेगळी विनंती आहे.

उपाय मोठे नाहीत. पावसाळ्यात आपल्या शाळांचे, मदरशांचे, जमातखान्यांचे हॉल रविवारी तासभर देता येतात. या शहरात महापालिकेची मॅरेथॉन भरते, पहाटे पळणारे शेकडो लोक आहेत. त्यातले दहा आले तरी पुष्कळ. महापालिकेला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तो मैदान आणि वाहतूक यांच्यासाठी मागायला आपल्या नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाता येतं. आणि आठवी-नववीची आपली मुलं ‘युनिफाइड’ प्रकारात या खेळाडूंबरोबर एकाच संघात खेळू शकतात. सोबत खेळलेला मुलगा पुन्हा ‘येडा’ म्हणत नाही, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

आमची चूक

आता एक गोष्ट जी सांगायला आम्हाला लाज वाटते. निवडणुकीच्या काळात आम्हा चौघांनाही ड्युटी लागली. बीएलओचं काम, प्रशिक्षण, मग मतदान. बाईंच्या घरीही आजारपण होतं. सलग तीन रविवार सराव झाला नाही. आम्ही पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि मोकळे झालो. मुलांना कोणी सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी गेलो तेव्हा एका मुलाची अम्मी म्हणाली, “सर, हा तिन्ही रविवारी सहा वाजता बूट घालून दारात बसला. दुपारपर्यंत बूट काढू दिले नाहीत.” मुलगा सतरा वर्षांचा. त्याला तारीख कळत नाही, पण रविवार कळतो. त्या दिवशी तो आमच्याशी बोलला नाही आणि सरावही केला नाही. पुन्हा विश्वास बसायला दोन महिने गेले.

तेव्हा कळलं की या कामात ज्ञान नंतर येतं, आधी नेम लागतो. चार रविवार भरपूर उत्साहाने येऊन पाचव्याला गायब होणारा माणूस न आलेला बरा. नवीन येणाऱ्याला आता आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो: महिन्यातून एकच रविवार द्या, पण तो ठरलेला द्या. आणि येता येणार नसेल तर मुलाला फोन करा, त्याच्याशी स्वतः बोला.

सुरुवात कुठून करायची

पालकांनी आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढावं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल ही भीती सोडा. त्याशिवाय निरामय आरोग्य विमा आणि इतर योजनांची दारं उघडत नाहीत. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते प्रौढ ठरतं. त्यानंतर ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यासाठी त्याचं ठिकाण पालघर. खेळासाठी जवळच्या विशेष शाळेत विचारा, मूल तिथे शिकत नसलं तरी.

स्वयंसेवकांनीही तिथेच जावं. आपला वेगळा क्लब काढायची घाई करू नये. आधी तीन महिने जाणकाराच्या हाताखाली चेंडू गोळा करावेत, पाणी द्यावं, मुलांची नावं आणि सवयी पाठ कराव्यात. मग स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या प्रशिक्षक शिबिराची चौकशी करावी.

चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. आमच्या चौदा मुलांपैकी कोणी वाचायला शिकलं नाही. पण दारात बूट घालून बसणारा तो मुलगा आता रांगेत थांबतो, आपली पाळी येईपर्यंत धक्का देत नाही. मैदानात शिकलेली ही गोष्ट त्याने बेकरीत नेली. गेल्या महिन्यात तो पहिल्यांदा एकटा जाऊन पाव घेऊन आला. अम्मी खिडकीतून बघत उभी होती. त्याने सुट्टे पैसेही बरोबर आणले.

अठरा वर्षांनंतर विशेष शाळाही संपते. त्याच्यापुढे उरतो तो लांबलचक दिवस, थकत चाललेले आई-वडील आणि रविवार. निदान रविवारी तरी तो दारात बसलेला असताना कोणीतरी यायला हवं.